सही जुळत नाही

वेबसाइट तपासणारी यंत्रं माणसांपेक्षा फार उदार मनाची असतात. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटचंच घ्या. २०२० साली आलेलं हे साधन माणसाच्या जागी बसून ब्राउझर चालवतं, रकाने भरतं, बटणं दाबतं आणि सगळं ठीक चाललंय की नाही ते सांगतं. पानावरची एखादी गोष्ट ‘दिसते’ म्हणजे काय, याची रीतसर व्याख्या त्याच्या माहितीपुस्तिकेत आहे. त्या गोष्टीला काहीतरी लांबी-रुंदी असावी आणि ती लपवून ठेवल्याचा शिक्का तिच्यावर नसावा, एवढीच अट. पुढे प्रांजळपणे असंही नोंदवलंय, की ओपॅसिटी शून्य असली तरी ती गोष्ट दिसते असंच धरलं जाईल. म्हणजे ‘पैसे भरा’ हे बटण हवेइतकं पारदर्शक झालं तरी यंत्राच्या लेखी ते जागेवर आहे. यंत्र तिथे जातं, बटण दाबतं, ऑर्डर नोंदली जाते, पावती येते आणि बिल्ड पास होतो. ज्याला खरोखर पैसे भरायचे आहेत तो गिऱ्हाईक मात्र पान वरखाली सरकवत बसतो, चष्मा पुसतो, आणि आपल्यालाच हे नवं तंत्र झेपत नाही अशी समजूत करून घेऊन मुलीला हाक मारतो. मुलीलाही बटण दिसत नाही, तेव्हा नेटवर दोष टाकून दोघंही विषय सोडून देतात.

यात यंत्राची लबाडी काहीच नाही. बटण चालतं का, एवढंच त्याला विचारलं होतं. ते दिसतं का हे कुणी विचारलंच नव्हतं. आणि वेबसाइटच्या दिसण्यात गडबड होण्याची सोय तिच्या घडणीतच आहे. पान कसं दिसावं हे ठरवणारी सीएसएस ही भाषा हॉकून विउम ली यांनी १९९४ मध्ये सुचवली, डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली अधिकृत आवृत्ती आली. एका जागी लिहिलेला नियम सबंध साइटला लागू होतो ही तिची सोय, आणि सगळा ताप त्या सोयीचाच. लॉगिनच्या पानावरचं बटण जरा वर घ्यायचं म्हणून कुणीतरी चार पिक्सेलची जागा कमी करतो. तोच नियम परतावा मागायच्या पानावरच्या बटणालाही लागू असतो. तिथे ते बटण आता अटी-शर्तींच्या ओळीवर चढून बसतं. बदल करणाऱ्याने लॉगिनचं पान पाहिलं, ते झकास दिसलं, शुक्रवारी संध्याकाळी सगळं प्रॉडक्शनला गेलं. परताव्याचं पान उघडून पाहायचं त्याला कारण नव्हतं. तसं ते कुणालाच नव्हतं, परतावा मागणारे सोडले तर. आणि त्यांना तो मागता आला नाही म्हणून कंपनीत कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही असंही ऐकिवात नाही. झेड-इंडेक्स नावाच्या आकड्याची तर निराळीच कथा. कोणती गोष्ट कोणाच्या वर दिसावी हे त्याने ठरतं. एकाने आपल्या खिडकीला ९९९९ दिले की दुसरा आपल्या जाहिरातीला ९९९९९ देतो, आणि हा लिलाव गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालू राहतो.

यावरचा उपाय सुचायला फार बुद्धी लागत नाही. पान नीट दिसत असताना त्याचा फोटो काढून ठेवायचा, उद्या कोड बदलला की पुन्हा फोटो काढायचा आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहायचे. बँकेत खातं उघडताना घेतलेली नमुना सही आणि आजच्या चेकवरची सही काउंटरवरचा कारकून जशी ताडून पाहतो, तसंच हे काम. बीबीसी न्यूजच्या मंडळींनी २०१३ च्या सुमारास याच कामासाठी रेथ नावाचं साधन बनवून जगाला फुकट दिलं. त्याच काळात फँटम-सीएसएस आलं, पाठोपाठ बॅकस्टॉप आलं, पर्सी नावाची सेवा आली. ती पर्सी २०२० मध्ये ब्राउझरस्टॅकने विकत घेतली. ही ब्राउझरस्टॅक २०११ साली मुंबईत सुरू झालेली कंपनी. जगभरच्या वेबसाइटी निरनिराळ्या ब्राउझरांत कशा दिसतात ते दाखवण्यावर तिचा धंदा उभा आहे, हे जाता जाता. आता प्लेराइटमध्ये ही सोय अंगभूत आहे. दोन चित्रं ताडायचं काम त्यात पिक्सेलमॅच नावाची जेमतेम दीडेकशे ओळींची एक चिमुकली लायब्ररी करते. जिथे फरक तिथे लाल ठिपका, बास. कारकून मोठा नेमस्त. तुम्ही कोण, कशासाठी आलात, घरी कोण आजारी आहे, यातलं काही तो विचारत नाही. सही जुळते किंवा जुळत नाही. या लेखाचं म्हणणं एवढंच, की या कारकुनाला फरक कळतो, चूक कळत नाही. आणि ही व्यवस्था उभारताना होणारे बहुतेक घोटाळे आपण त्या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे होतात.

पहिला आक्षेप अर्थातच हा, की एवढा खटाटोप कशाला, डोळे काय गहाण टाकलेत? टेस्टर आहे, तो पाहील. डोळ्यांवरचा हा विश्वास हृद्य आहे, पण पुराव्यात टिकत नाही. रोनाल्ड रेन्सिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एक फोटो २४० मिलिसेकंद दाखवायचा, मग ८० मिलिसेकंद कोरा पडदा, मग तोच फोटो थोडा बदलून, पुन्हा कोरा पडदा, आणि हे चक्र चालू ठेवायचं. बदल चांगला ढळढळीत असला तरी लोकांना तो सापडायला कित्येक फेऱ्या लागल्या. पुढच्याच वर्षी डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी तर हद्द केली. रस्त्यात एक माणूस वाटसरूला पत्ता विचारतो. बोलणं चालू असताना दोघं जण मधून दरवाजा वाहून नेतात. दरवाज्याच्या आड पत्ता विचारणारा बदलतो आणि दुसराच माणूस संभाषण पुढे चालवतो. जवळपास निम्म्या वाटसरूंना समोरचा माणूस बदललाय हे कळलंच नाही. ज्या प्राण्याला अख्खा माणूस बदललेला कळत नाही, त्याने चाळीस पानं, तीन रुंदीचे पडदे आणि तीन ब्राउझर मिळून तीनशे साठ चित्रं दर शुक्रवारी पाहायची आणि त्यातली एक रेघ दोन पिक्सेल सरकल्याचं सांगायचं, ही अपेक्षा टेस्टरवर अन्याय करणारी आहे. तो बिचारा पहिली वीस चित्रं मन लावून पाहतो आणि उरलेली भक्तिभावाने.

डोळ्याला मदत दिली तर तो काय करू शकतो, याचाही दाखला आहे आणि तो आकाशातला आहे. अमेरिकेतल्या लोवेल वेधशाळेत क्लाइड टॉमबॉ हा तरुण ब्लिंक कंपॅरेटर नावाच्या यंत्रावर आकाशाच्या फोटोंच्या जोड्या ताडून पाहायचा. एकाच भागाचे वेगवेगळ्या रात्री घेतलेले दोन फोटो एकामागून एक झटपट डोळ्यांसमोर यायचे. तारे जागच्या जागी राहायचे आणि जे सरकलं असेल ते उडी मारायचं. जानेवारी १९३० मधल्या २३ आणि २९ तारखेच्या फोटोंमध्ये एक ठिपका अशी उडी मारताना १८ फेब्रुवारीला त्याला दिसला. तो प्लूटो. टॉमबॉच्या यंत्रात मध्ये कोरा पडदा नव्हता म्हणून ठिपका सापडला. रेन्सिंक यांनी तो पडदा घातला आणि लोक चाचपडले. वेबसाइटच्या बाबतीत कालचं पान आणि आजचं पान यांच्यामध्ये अख्खी रात्र, दोन मीटिंगा आणि जेवणाचा डबा असतो. तेव्हा ताडून पाहायचं काम यंत्राकडे द्यावं यात शंका नाही. पण प्लूटोची गोष्ट इथे संपत नाही, तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

यंत्राकडे काम सोपवलं की पहिल्याच दिवशी निराळं संकट येतं. माणसाला काहीच दिसत नव्हतं, यंत्राला सगळंच दिसतं. मॅकवर अक्षरांच्या कडा एका पद्धतीने मऊ केल्या जातात, लिनक्सवर दुसऱ्या. तेव्हा एकाच्या लॅपटॉपवर काढलेली नमुना सही सर्व्हरवर कधीच जुळत नाही. प्लेराइटने हे इतकं गृहीत धरलंय, की चित्राच्या फाइलच्या नावातच ते कोणत्या संगणकावरचं आहे ते लिहून ठेवतं. कर्सर लुकलुकतो, फिरतं चित्र मधल्याच अवस्थेत पकडलं जातं, फॉन्ट उशिरा पोचतो, ‘दोन मिनिटांपूर्वी’ चं ‘तीन मिनिटांपूर्वी’ होतं, जाहिरातीत काल प्रेशर कुकर होता तो आज गुडघेदुखीचं तेल होतो. या प्रत्येकासाठी लाल ठिपके आणि फेल झालेला बिल्ड. साधन बनवणाऱ्यांनी शक्य तेवढं केलंय. प्लेराइट फोटो काढताना हलती चित्रं आपणहून थांबवतं, कर्सर लपवतं, आणि लागोपाठचे दोन फोटो सारखे येईपर्यंत दम धरतं. घरातल्या लहान मुलांचा फोटो काढताना इतका संयम कुणी दाखवत नाही. तरीही उरलेली बेशिस्त ज्याची त्याने आवरायची असते: सगळी चित्रं एकाच डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे कुठेही चालवला तरी आतून सारखाच राहणाऱ्या बंद डब्यात, काढायची, घड्याळ एका तारखेवर थांबवायचं, खऱ्या माहितीऐवजी ठरावीक नमुन्याची माहिती भरायची. हे केलं नाही तर ‘लांडगा आला रे आला’ ची गोष्ट पुन्हा घडते, फरक इतकाच की इथे लांडगा रोज येतो आणि तो रोज गुडघेदुखीचं तेल असतो.

डॉकरचा हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो बरोबरही आहे, पण मराठी साइटवाल्यांनी तो जरा जपून घ्यावा. अशा नुसत्या कंटेनरमध्ये देवनागरी फॉन्ट असेलच असं नाही. नसला तर प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन येतो. या चौकोनांना टोफू म्हणतात आणि ते जगातून नाहीसे करायचे म्हणून गुगलने आपल्या फॉन्टांच्या कुटुंबाचं नावच नोटो ठेवलं. आता पुढचा प्रकार पाहा. पहिल्यांदा चाचणी चालवली तेव्हा ताडायला नमुना नव्हता. यंत्राने समोर जे दिसलं त्याचाच फोटो काढून नमुना म्हणून ठेवला. समोर चौकोन होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकोन आले, चौकोनाला चौकोन जुळले, पास. मग बातमीचा मथळा बदलून पाहा, ‘मुख्यमंत्री’ च्या जागी ‘मुख्याध्यापक’ करा, चौकोनांच्या संख्येत थोडा फेर पडेल एवढंच. कारकुनाच्या फायलीत नमुना सहीच्या जागी अंगठा नव्हे, नुसता डाग आहे, आणि रोज आलेला डाग त्या डागाशी इमानदारीने जुळतोय. याउलट फॉन्ट नीट बसवला, तर हाच कारकून असं काही पकडतो की भल्याभल्यांना ते सुचणार नाही. काही फॉन्टांमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणाची आणि हिंदी वळणाची अशी दोन रूपं असतात. पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये लिहिलेलं असेल तरच मराठी रूप येतं. साफसफाई करताना कुणी ती दोन अक्षरांची खूण उडवली, तर साइट चालते, बटणं चालतात, मजकूर कॉपी केला तर अक्षरही तेच. फक्त पानभर सगळे ल परप्रांतीय होतात. बटणं दाबून पाहणाऱ्या कोणत्याही चाचणीला हा बदल दिसणार नाही. चित्र ताडणाऱ्या चाचणीत पान लालेलाल होईल.

रोजच्या लाल ठिपक्यांना विटलेली मंडळी मग जो तोडगा काढतात त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. थोडाफार फरक असेल तर सोडून द्या. तडजोडीचा हा सूर आपल्याला एरवी आवडणारा आहे, पण इथे जरा हिशेब करून पाहावा. बॅकस्टॉपमध्ये ही सूट मुळात ०.१ टक्का ठेवलेली आहे. ऐकायला नगण्य. १२८० बाय ७२० च्या एका पडद्यात ९,२१,६०० पिक्सेल असतात, त्याचा ०.१ टक्का म्हणजे ९२१. चौदाशे नव्व्याण्णव रुपये शून्य पैसे या किमतीतलं दशांशचिन्ह साधारण दोन बाय दोन, म्हणजे चार पिक्सेलचं. त्या सुटीत अशी दोनशे तीस दशांशचिन्हं गायब करता येतात. एक जरी गेलं तरी दीड हजाराची वस्तू दीड लाखाची होते. पान लांब असलं तर सूट त्याच प्रमाणात वाढते, ही आणखी मौज. सहा हजार पिक्सेल उंचीच्या पूर्ण पानाचा फोटो घेतला तर एकूण ७६,८०,००० पिक्सेल आणि त्यावर ७,६८० ची माफी. ‘पैसे भरा’ हे १२० बाय ४० चं बटण ४,८०० पिक्सेलचं असतं. म्हणजे ते पूर्ण पारदर्शक होऊन नाहीसं झालं तरी माफीच्या आत बसतं आणि वर आणखी २,८८० पिक्सेल शिल्लक उरतात. ज्या चोरासाठी पहारा बसवला, त्याला नियमाप्रमाणे सोडायची सोय आपणच करून ठेवली. टक्क्यांऐवजी पिक्सेलची ठाम संख्या लावावी आणि अख्ख्या पानाऐवजी बटण, तक्ता, बिलाचा भाग अशा तुकड्यांचे फोटो घ्यावेत, हे त्यावरचं साधं उत्तर आहे. तुकड्यांचा दुसराही फायदा होतो: वरची पट्टी चार पिक्सेलने जाड झाली की तिच्याखालचं सगळं पान सरकतं आणि संपूर्ण लाल दिसतं, त्यात नेमकं कोण बिघडलं ते शोधायला पुन्हा डोळेच लागतात, आणि डोळ्यांचा लौकिक वर आलाच आहे.

सूट वाढवायला लाजणारे लोक दुसरा मार्ग धरतात, तो झाकायचा. पानाचा जो भाग सारखा बदलतो त्यावर रंगाचा ठोकळा ठेवून द्यायचा, म्हणजे तो ताडलाच जात नाही. प्लेराइटमध्ये हा ठोकळा भडक गुलाबी असतो, बहुधा झाकणाऱ्याला थोडी तरी शरम वाटावी म्हणून. सुरुवात सभ्य असते. जाहिरात झाकली, ठीक. तारीख झाकली, ठीक. मग फिरती चित्रं, मग शिफारशींची रांग, मग ‘नमस्कार’ पुढचं नाव. किंमत दर तासाला बदलते, झाका. साठा किती शिल्लक ते बदलतं, झाका. असं करता करता पान इतकं गुलाबी होतं की त्यात फक्त कंपनीचा लोगो आणि तळाची कॉपीराइटची ओळ उघडी राहते, आणि त्यातलंही वर्ष एक जानेवारीला बदलतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण ती तपासता येत नाही. बदलणारी गोष्ट झाकण्यापेक्षा तिला बदलूच न देणं बरं: घड्याळ थांबवलं तर तारीख झाकावी लागत नाही, नमुन्याची माहिती भरली तर किंमत झाकावी लागत नाही. यात कष्ट जास्त आहेत हे खरं. झाकण एका ओळीचं काम आहे, आणि एका ओळीच्या कामाला कॉर्पोरेट जगात कधीही प्रतिस्पर्धी नसतो.

इतकं सगळं शिस्तीत केलं, चित्रं स्थिर झाली, खोट्या हाकाट्या थांबल्या, तरी खरी गंमत पुढेच आहे. यंत्राने सांगितलं, इथे फरक आहे. आता हा फरक बिघाड आहे की सुधारणा, हे कोण सांगणार? बटण निळ्याचं केशरी झालं, ते कुणाच्या चुकीने झालं की मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये ठरलं, हे दोन चित्रांत कुठेच लिहिलेलं नसतं. इथे प्लूटो पुन्हा येतो. टॉमबॉने पकडलेला फरक शंभर टक्के खरा होता. ठिपका सरकला होता. तो ग्रह आहे हा मात्र माणसांचा निकाल होता. २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने प्रागमध्ये मतदान घेऊन तो निकाल फिरवला. त्या शहात्तर वर्षांत ठिपक्याने काहीही केलं नाही, तो आपला सूर्याभोवती फिरत होता. फरक यंत्राने सापडतो, त्याचा अर्थ मतदानाने ठरतो, आणि मतदान कोण करतं यावर सगळं अवलंबून असतं. वेबसाइटच्या बाबतीत मतदार एकच असतो, आणि तो म्हणजे ज्याने बदल केला तोच. त्याच्या हाती ‘सगळे नमुने बदलून टाक’ असा एक आदेश असतो. तो दिला की जुनी चित्रं जातात, नवी येतात, आणि बिघडलेलं पान आतापासून नमुना ठरतं. खातेदारानेच काउंटरच्या आत जाऊन आपली नमुना सही बदलावी आणि बाहेर येऊन रांगेत उभं राहावं, तसं. तपासायला आलेल्या सहकाऱ्यासमोर दोनशे चित्रफाइलींचा ढीग पडतो. तो पहिली तीन उघडतो, छान छान म्हणतो, आणि मंजूर करतो. त्यात त्याच्या आळसाचा वाटा थोडाच. सायमन्स आणि लेव्हिन यांचा दरवाजा रोज त्याच्यासमोरून जातो.

यावर आता नवा आक्षेप येतो, आणि तो जोरात येतो, की हे सगळं एआय करेल. पिक्सेल मोजणारा कारकून जुन्या जमान्यातला. नव्या मॉडेलला अक्षराची कड मऊ झाली ते क्षुल्लक आणि दशांशचिन्ह गेलं ते गंभीर, हे कळतं. यात तथ्य आहे, आणि ते नाकारणं हट्टीपणाचं होईल. माणसाच्या डोळ्यासारखं पाहू शकणारं यंत्र खोट्या हाकाट्या कमी करतं. थ्रेशोल्डच्या आंधळ्या टक्क्यापेक्षा ते केव्हाही बरं. पण त्याने बटणाच्या केशरी होण्याचा प्रश्न सुटत नाही. फोटोत दिसणारं सगळं त्याला कळलं, तरी फोटोच्या बाहेर जे ठरलं ते कळायला त्याला मार्केटिंगच्या मीटिंगमध्ये बसावं लागेल. आणि तिथे बसलेल्या माणसांनाही काय ठरलं ते नेहमी कळतं असं नाही. दिवाळीत साइटवर तोरण चढतं. ते लक्ष्मीपूजनाला दिसलं तर शोभा, तुळशीच्या लग्नापर्यंत चालवून घ्यावं, आणि नाताळात दिसलं तर बिघाड. चित्र तिन्ही दिवशी अगदी एकच आहे, एकाही पिक्सेलचा फरक नाही. इथे तर मामला उलटाच झाला: फरक नसणं हीच चूक, आणि फरक शोधणारं कोणतंही यंत्र, कितीही शहाणं असलं तरी, त्या दिवशी हिरवा दिवा दाखवून मोकळं होणार.

मग डिझाइन जर सतत बदलणारच असेल तर नमुना जपायचा कशाला, असं म्हणणारेही असतात. साइट दर पंधरवड्याला नवी होते, जुनी चित्रं सांभाळणं म्हणजे मागच्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवर ठेवणं. हा आक्षेप अर्धा मान्य करायला हरकत नाही. जे पान अजून घडतंय, ज्याचा रंग रोज मीटिंगमध्ये बदलतो, त्याला ही चाचणी लावूच नये. तिथे ती फक्त ‘बदल झाला’ असं सांगेल, आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण प्रत्येक साइटचा मोठा भाग असा असतो की तो कुणी वर्षभर हेतुपुरस्सर बदलत नाही: पावती, परतावा, पासवर्ड विसरल्याचं पान, चूक झाल्याचा निरोप, छापायचं तिकीट. तिथे बदल करायचा कुणाचाच इरादा नसतो, म्हणून तिथे दिसलेला बदल बहुतेक वेळा चूकच असतो. फरक आणि चूक यांच्यातलं अंतर या पानांवर सर्वांत कमी असतं, आणि कारकुनाला नेमावं तर तिथेच. गंमत अशी, की ही व्यवस्था बसवणारा जो तो सुरुवात मुखपृष्ठापासून करतो, कारण साहेबांना दाखवायला ते बरं दिसतं. मुखपृष्ठ दिवसातून हजार माणसं डोळ्यांनी पाहतात आणि ते रोज बदलतं. परताव्याचं पान कुणी पाहत नाही आणि ते कधी बदलत नाही. पहारा नेमका जिथे गर्दी आहे तिथेच बसवायचा, ही रीत काही वेबसाइटवाल्यांनी शोधलेली नाही.

राहता राहिला मंजुरीचा प्रश्न. बदल करणाऱ्याने आपलाच नमुना स्वतः मंजूर करू नये, दुसऱ्या कुणाचं तरी नाव त्यावर लागावं, हे बहुतेक ठिकाणी ठरवलं जातं आणि बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांत विरतं. काही जण मंजुरीसोबत कारण लिहायची सक्ती करतात. कारणाच्या रकान्यात काय लिहिलं जाईल हे सरकारी फाइल एकदा जरी पाहिलेल्या माणसाला सांगायला नको: ‘चर्चेनुसार’. त्यापेक्षा रकान्यात प्रश्न निराळा विचारावा. हा बदल का मंजूर, असं न विचारता या चित्रात नेमकं काय बदललं, असं विचारावं, आणि एका वेळी एकाच तुकड्याबद्दल विचारावं. ‘बटण निळ्याचं केशरी झालं, अक्षरं तीच, खालची ओळ दोन पिक्सेल सरकली’ एवढं लिहायला एक मिनिट लागतं, पण ते लिहिण्यासाठी चित्र उघडावं लागतं. दोनशे चित्रं असतील तर दोनशे मिनिटं लागतील, ही तक्रार लगेच येईल आणि ती रास्त आहे. दोनशे चित्रं एका बदलात बिघडत असतील, तर कुठेतरी चार पिक्सेलचा एखादा नियम सबंध साइटभर फिरतोय. अशा वेळी दोनशे मंजुऱ्यांच्या भानगडीत पडू नये. तो नियम शोधून जिथला तिथे ठेवावा आणि चाचणी पुन्हा चालवून किती चित्रं उरतात ते पाहावं.